बदली नसलेलं अंगण

आमचे बाबा, नंदकिशोर, पाटबंधारे खात्यात होते. कालव्यावरची नोकरी. त्यामुळे आमचं लहानपण यवतमाळ जिल्ह्यातच, पण सारखं इकडून तिकडे सरकत गेलं. आधी वणी, मग पांढरकवडा, मग पुसद. गावं बदलली, शाळा बदलल्या, पण क्वार्टर मात्र सगळीकडे एकाच साच्यातून काढल्यासारखं. दोन खोल्या, जाळीचा व्हरांडा, मागे मोरी आणि समोर काटेरी तारेच्या आतला एक उघडाबोडका तुकडा. त्या तुकड्याला अंगण म्हणायचं की नाही, हे तिथे राहायला येणाऱ्या बाईवर असे. आमची आई आली की त्याचं अंगण होई.

आईचं नाव शीला. माहेर आर्णीकडचं, शेतीवाडीचं. सामानाचा ट्रक अजून दारात उभा असायचा, गाद्यांच्या वळकट्या व्हरांड्यात पडलेल्या असायच्या आणि ही पदर खोचून त्या तुकड्यात फेऱ्या मारत असायची. मी आणि माझा धाकटा भाऊ स्वानंद भुकेने कुरकुरत मागे जायचो.

"आई, जेवायला काय?"

"थांब वं प्राची. वारा कुठून येते ते पाहू दे आधी."

वणीचं अंगण मला धूसर आठवतं, आणि ते खरोखरच धूसर होतं. रस्त्याने दिवसभर कोळशाचे ट्रक जायचे. दोरीवर वाळत घातलेली बाबांची पांढरी बनियन संध्याकाळपर्यंत राखाडी व्हायची. आईने पुढची बाजू सोडूनच दिली. तारेला लागून मेंदीची दाट रांग लावली, म्हणजे धूळ तिथेच अडेल, आणि बसायउठायचं सगळं घरामागे नेलं. मोरीच्या पाण्याच्या वाटेवर, आधीपासूनच्या लिंबोणीशेजारी, अळू लावला. रोज सकाळी पूजेच्या आधी ती ओल्या फडक्याने तुळशीची पानं पुसायची, एकेक, तान्ह्या मुलाचं तोंड पुसावं तशी. आमची घरामागची ती जागा जेमतेम दोन बाजा मावतील एवढी होती. पण बाबा कालव्यावरून आले की तिथेच चहा, तिथेच आमचा अभ्यास, तिथेच शेजारच्या काकूंचं तांदूळ निवडणं.

पांढरकवड्याला ऊन फार. केळापूरच्या देवीला जाऊन आलो की चपला काढून ओल्या मातीत पाय ठेवायचे, एवढंच सुख. तिथे आईने बांबूच्या तट्ट्यांचा आडोसा करून त्यावर वालाचा वेल चढवला होता. वेलाच्या हिरव्या सावलीत बसलेल्या माणसाचा चेहराही हिरवा दिसायचा आणि स्वानंदला त्याचं फार हसू यायचं. पुसदला मात्र करंजाचं मोठं झाड आयतंच होतं. संध्याकाळी आई पाणी शिंपडायची. तापलेल्या मातीचा वास उठायचा, मग खुर्च्या बाहेर निघायच्या आणि कच्च्या चिवड्याचं घमेलं मधे ठेवलं जायचं. कोण आलं, कोण गेलं, याचा हिशेब नसे. फाटक तर कायम उघडंच, कारण त्याला कडीच नव्हती.

आईचा एक नियम मात्र या तिन्ही अंगणांत सारखा होता. बदली दर तीन वर्षांनी ठरलेली, म्हणून तीन वर्षांत जे हाताशी येईल तेच लावायचं. पपई, शेवगा, झेंडू, गुलबक्षी, वांगी, वेल. पुसदला एकदा आंब्याची कोय आपोआप रुजली. चांगली तांबूस पानं फुटली. आईने ते रोप मुळासकट काढलं आणि दूधवाल्याला दिलं. मी रडले होते.

"राहू दे ना आई. आंबे येतील."

"येतील. पण आपण असू का इथं?" एवढंच म्हणून ती आत गेली.

बाबा निवृत्त झाले तेव्हा यवतमाळला दारव्हा रोडच्या बाजूला घर बांधलं. कोपऱ्याचा प्लॉट. पश्चिमेला रस्ता, उत्तरेला छोटी गल्ली. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची जमीन. मला वाटलं, आता आई काय काय करेल! पण मी नागपूरहून वास्तुशांतीला आले तेव्हा फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत सगळीकडे टाइल्स लागलेल्या. लाल आणि करड्या, चौकटी चौकटीच्या. मातीचा कणही दिसत नव्हता.

ते बाबांचं काम होतं. ते अभिमानाने पाइप घेऊन उभे होते.

"पाह्य, पाच मिनिटांत सारं अंगण धुऊन होते. आयुष्यभर कालव्यावर चिखल तुडवला. बुटात चिखल, सायकलले चिखल, जेवाच्या डब्यालेही चिखल. माझ्या स्वतःच्या घरात मले चिखल नको."

आईने भिंतीलगत कुंड्या मांडल्या. तुळस, कोरफड, दोन गुलाब. कुंड्या उचलून टाइल्स पुसायच्या, पुन्हा जागेवर ठेवायच्या. त्या कुंड्यांकडे बघून मला सामानाच्या ट्रकची आठवण यायची. कधीही उचलून नेता येतील अशा.

अशी बरीच वर्षं गेली. घर पश्चिमेकडे तोंड केलेलं. उन्हाळ्यात दुपारभर ऊन थेट टाइल्सवर पडायचं आणि त्या तव्यासारख्या तापायच्या. सूर्य बुडाल्यावरही पाय ठेववत नसे. आई-बाबा दार लावून कूलरपुढे बसायचे. टीव्ही चालू, दोघांची तोंडं एकाच दिशेला. सुट्टीत घरी आले की मला एक गोष्ट खटकायची. कोणी येत नव्हतं. म्हणजे येत, पण फाटकाबाहेर उभं राहून बेल वाजवत, काम सांगत आणि जात. समोरच्या कोकिळाताई इतकी वर्षं शेजारी राहूनही फाटकाच्या आत फार तर दोनदा आल्या असतील. त्यांच्याकडून चतुर्थीचे मोदक यायचे, तेही फाटकावरूनच.

स्वानंद पुण्याला असतो. त्याला आईची हौस ठाऊक होती. तो फोनवर बागांचे फोटो पाठवायचा. पांढरे गोटे, लाकडी झोपाळा, भिंतीवर टांगलेल्या कुंड्या, दिव्यांच्या माळा. एका दिवाळीला तर तो खोट्या हिरवळीची गुंडाळीच घेऊन आला आणि टाइल्सवर अंथरून मोकळा झाला. दिवसभर बरी दिसली. एप्रिलमध्ये तिला तापलेल्या प्लास्टिकचा असा वास सुटला की बाबांनी नाकाला रुमाल लावून ती गुंडाळली आणि गच्चीवर टाकी झाकायला नेली.

आईने हे सगळे फोटो नीट, चष्मा लावून पाहिले. मी विचारलं, "यातलं काय करावंसं वाटतं?"

"सारं छान आहे वं. पण याच्यात माणूस कुठं बसला आहे सांग? एकाही फोटोत माणूस नाही."

मी परत सगळे फोटो पाहिले. खरंच नव्हता.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत पुसदला एका लग्नाला आई, बाबा आणि मी गेलो. दुपारची पंगत झाली आणि आई म्हणाली, "कॉलनीत जाऊन येऊ का? इतक्या जवळ आलोच आहे त." बाबांचे गुडघे दुखत होते, ते मंडपातच थांबले. आम्ही दोघी ऑटोने गेलो.

कॉलनी अर्धी रिकामी होती. काही क्वार्टरांची दारं काढून नेलेली, आत बाभळी. आमचं क्वार्टर मात्र नांदतं होतं. दोरीवर लहान मुलाचे कपडे होते. एक पंचविशीतली मुलगी बाहेर आली. आईने ओळख सांगितली तेव्हा तिचा चेहरा फुलला. तिचं नाव समीक्षा. तिच्या नवऱ्याचीही बदलीचीच नोकरी.

"या ना काकू, आत या. म्हणजे आत कायले, इथंच बसा."

आई अंगणात उभी राहिली आणि चौफेर पाहू लागली. मीही पाहत होते. तिच्या हातचं तिथे काहीच उरलं नव्हतं. शेवगा नाही, पपई नाही, गुलबक्षी तर नाहीच. तिच्या विटांच्या कडा गेल्या होत्या. करंजाची एक मोठी फांदी तोडलेली होती. मला वाईट वाटलं. मी आईकडे पाहिलं नाही, कारण तिलाही वाटत असणार.

समीक्षाने प्लास्टिकच्या दोन खुर्च्या आणून ठेवल्या. जिथे ठेवल्या ती जागा बघून आई थबकली. करंज आणि व्हरांड्याची पायरी यांच्या मधली, बरोब्बर तीच. आमच्या खुर्च्या तिथेच असायच्या. चिवड्याचं घमेलं तिथेच असायचं.

"तुले ही जागा कोणी सांगतली वं?" आईने विचारलं.

"कोणी नाही काकू. दुपारनंतर घराची सावली इथंच पडते ना. अन् समोरच्या दोन क्वार्टरांच्या मधून वारा येते. बाकी कुठं बसून पाह्यलं, बसवतच नाही. शेजारच्या बायाही इथंच येतात."

आई खुर्चीवर बसली. वारा खरंच येत होता. समीक्षाचं बाळ तिने मांडीवर घेतलं आणि ते तिच्या मंगळसूत्राशी खेळत राहिलं. चहा झाला. निघताना समीक्षाने विचारलं, "काकू, इथं काही लावलं त येते का? जमीन कशी आहे?" आणि मग आई पायरीवर बसून तिला सांगत राहिली. मोरीचं पाणी कुठून वळवायचं, वाल कोणत्या बाजूला चढवायचा, शेवगा घराजवळ का लावायचा नाही. बाहेर ऑटोवाला भोंगा वाजवून थकला.

परतीच्या बसमध्ये दिग्रस आलं. बाबांचा डोळा लागला होता. आई एकदम मला म्हणाली, "मले वाटे, मी झाडं लावत होती. झाडं त सारी गेली. बसाची जागा तेवढी राह्यली."

त्या लग्नानंतर तिने रांगोळीचा डबा काढला.

आधी मला काही कळलं नाही. होळीला घरी आले तेव्हा टाइल्सवर पांढऱ्या रेघा होत्या. ती दिवसातून काही वेळा बाहेर यायची, घराची सावली जिथे संपते तिथे रांगोळीची रेघ ओढायची आणि आत जायची. संध्याकाळपर्यंत टाइल्सवर रेघांची जाळी व्हायची. सकाळी बाबा पाइपने ती धुऊन टाकायचे. ती पुन्हा ओढायची. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे बघायचे आणि मला हसू यायचं.

तिच्या लक्षात आलं ते असं. आम्ही सगळे अंगण म्हणून पुढची, पश्चिमेची बाजू धरून बसलो होतो, कारण फाटक तिकडे. पण उन्हाळ्यातली सावली उत्तरेला, गल्लीच्या बाजूला होती. तिथे बाबांची बंद पडलेली स्कूटर, रिकाम्या रंगाच्या बादल्या आणि नळ न आल्यास लागणारे पाण्याचे ड्रम होते. घरातली सगळ्यात चांगली जागा आम्ही अडगळीला दिली होती. मावळतीकडून तिरपं ऊन येतं तेवढं अडवलं की झालं. आणि हिवाळ्यात? हिवाळ्यात उलटं. तेव्हा पुढच्या टाइल्सवर दुपारनंतरचं उबदार ऊन खात बसायचं. एका घराला दोन बसायच्या जागा, दोन ऋतूंच्या.

रंगपंचमीच्या सकाळी मी बाहेर आले तर सगळं अंगण आखलेलं होतं. नुसत्या सावलीच्या रेघा नव्हत्या. पूर्ण मापाचा नकाशाच होता. उत्तरेला एक लांबट चौकोन, त्यात चार गोल. हा ओटा, या खुर्च्या. मावळतीच्या टोकाला आडव्या उभ्या रेघा, तो मांडव. भिंतीलगत वाकडी पट्टी, ती माती. पट्टीमधून छोट्या छोट्या ठिपक्यांची वाट गल्लीच्या कुंपणापर्यंत गेलेली, आणि कुंपणात चक्क एक नवीन दार काढलेलं.

बाबा पाइप हातात घेऊन उभे होते. नळ चालू केलेला नव्हता.

"हे काय आखून ठेवलं?"

"घर," आई म्हणाली.

"घर त आत आहे."

"आतलं तुमच्या मनासारखं झालं ना? हे बाहेरचं आहे."

बाबा रेघांकडे पाहू लागले. इंजिनिअरिंगच्या खात्यात जन्म गेलेला माणूस. नकाशा समोर आला की डोळे आपोआप मापं घेतात. त्यांनी पावलं टाकून ओट्याची लांबी मोजली. मग विचारलं, "ही ठिपक्यांची रेघ कायची?"

"वाट. फोडलेल्या टाइल्सचे तुकडे बसवीन. पाय मातीत जाणार नाही. पुढची अर्धी बाजू तुमची तशीच राहू द्या, रोज धुवा. चिखल दारापर्यंत आला त मले सांगा."

बाबांनी पाइप गुंडाळून ठेवला. त्या दिवशी अंगण धुतलं गेलं नाही. दुपारी चहाच्या वेळी मी त्यांना शोधत बाहेर आले तर ते स्कूटर बाजूला सारून रांगोळीच्या चौकोनात खुर्ची टाकून बसले होते. गल्लीतून जाणारे एक ओळखीचे गृहस्थ थांबले.

"काय काका, इथं काहून बसले?"

"ओट्यावर बसलो," बाबा म्हणाले.

त्या गृहस्थांना ओटा दिसला नसणार. पण ते कुंपणाला टेकून चांगले अर्धा तास बोलत राहिले. बाबा आत आले तेव्हा खुशीत होते. आईने दुसरा चहा टाकला.

टाइल्स काढायला किसनराव आले. टाइल्स लावणारे मिस्त्रीही तेच.

"मॅडम, मीच लावल्या, आता मलेच उपटाले लावता? अजून एक टाइल हालली नाही पाहा."

"चांगल्या लावल्या म्हणून त इतकी वर्षं राह्यल्या किसनराव. आता तुकडेही चांगले करा," आई म्हणाली, आणि ते हसले.

टाइल्सखाली सिमेंट, त्याखाली मुरूम, मुरुमाखाली बांधकामाचा विटामातीचा कचरा. माती निघालीच नाही. आर्णीहून माझ्या मामेभावाने कपाशीच्या रानातली काळी माती पाठवली. ती नुसती टाकली असती तर उन्हात भेगाळली असती आणि पावसात लोण्यासारखी झाली असती, म्हणून आईने त्यात निघालेला मुरूम आणि शेणखत कालवून घेतलं. बाबा खुर्चीवर बसून सूचना देत होते. उतार गल्लीकडे ठेवा, घराकडे पाणी यायला नको. तेवढं त्यांचं आईने ऐकलं, आणि ते बरोबरच होतं. न्हाणीघराचं पाणी एका पाइपने पट्टीत सोडलं. आमच्याकडे नळाचं पाणी बेताचंच. पण तांदळाचं धुवण, कूलरचं उरलेलं पाणी, भाज्या धुतल्याचं पाणी, हे सगळं ती बादलीत साठवायची. वणीला शिकलेलं असं काही विसरायला होत नाही.

ओटा झाला. बांबूचा मांडव झाला. तुकड्यांची वाट झाली. लाल आणि करडे तुकडे मिसळून बसवले तेव्हा ती पूर्वीच्या चौकटींपेक्षा सुंदर दिसली. कुंपणातलं दारही झालं, कमरेएवढं, लाकडी.

पाऊस सुरू झाला, माती बसली, आणि एका रविवारी आई रोपं घेऊन आली. मी होतेच. ऑटोतून आम्ही दोघींनी उतरवली. बाबा वाटेवर उभे राहून एकेक रोप बघत होते. पपई. शेवगा. झेंडूची पेंढी. गुलबक्षी. दोडक्याच्या आणि वालाच्या बिया. वांगी.

आईने कुदळ घेतली. पहिला खड्डा पपईचा, मांडवाच्या पलीकडच्या कोपऱ्यात, जिथे सगळ्यात जास्त जागा आणि सगळ्यात चांगली माती होती.

"शीला," बाबा म्हणाले.

"काय?"

"आता आपली बदली होत नाही."

ती वाकलेलीच होती. तशीच राहिली. हातातली कुदळ तिने मातीत टेकवली आणि त्या खड्ड्याकडे पाहत राहिली. मग ती पदराने चेहरा पुसत ओट्यावर येऊन बसली.

"माझ्या डोक्यातच नाही आलं," ती म्हणाली. "खरं सांगते. नर्सरीत आंबा होता, कवठ होतं, सारं होतं. माझा हात तिकडं गेलाच नाही."

बाबा तिच्या शेजारी बसले.

"वणीले आपल्या मागच्या दारी लिंबू होतं," ते म्हणाले.

"होतं ना. गंज, ढिगानं लिंबं खाल्ली. किती बरण्या लोणचं घातलं मी."

"कोणी लावलं होतं?"

"काय माहीत. आपल्या आधीच्या कोणीतरी."

"त्याची बदली होणार हे त्याले माहीत नव्हतं का?"

त्या माणसाने, किंवा बाईने, लिंबू लावताना स्वतः काही खायला मिळणार नाही हे माहीत असूनही लावलं होतं. इतक्या वर्षांत आम्ही त्याचा विचारही केला नव्हता. मला पुसदची आंब्याची कोय आठवली, पण मी बोलले नाही. काही गोष्टींची आईला मुलीने आठवण करून द्यायची नसते. तिलाही ती तेव्हा आठवत होतीच, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

पपई मग भिंतीकडे गेली. चांगला कोपरा रिकामा राहिला. त्या कोपऱ्यात काय लावायचं यावर आमच्या घरात पुढचे काही दिवस एवढी चर्चा झाली की माझ्या लग्नाच्या वेळी झाली नसेल. बाबांचं मत आंबा. आई म्हणाली, आंबा भिंत उचलेल. स्वानंदने पुण्याहून बकुळ सुचवली. कोकिळाताई फाटकाबाहेरून म्हणाल्या, कडुनिंब लावा काकू, सावली पहा कशी होते. कवठ बाबांनीच नाकारलं. खाली बसलेल्याचं डोकं फुटेल म्हणाले.

शेवटी आईनेच ठरवलं. आवळा.

आईच्या माहेरी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आवळी होती. कार्तिकात सगळं गणगोत बैलगाड्यांतून तिथे जेवायला जायचं. गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजायचे, वांग्याची रस्सेदार भाजी, वरण, आणि आवळीच्या बारीक पानांची जाळी ताटांवर हलत असायची. आई लग्न होऊन आली आणि ते सुटलं. कोणत्याच क्वार्टरमध्ये आवळी नव्हती, आणि तीन वर्षांत ती होतही नाही.

नर्सरीवाला कलमी रोप देत होता. लवकर फळ धरते म्हणाला. बाबाही म्हणाले, कलमी घे, आपल्याला खायला तरी मिळतील. आई ऐकेना. तिला गावरान, बियांपासूनचं हवं होतं. मोठं होणारं, सावकाश होणारं.

"मले घाई नाही," ती म्हणाली. हे वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

वनखात्याच्या रोपवाटिकेतून बाबाच ते घेऊन आले, दुखऱ्या गुडघ्यांनी, शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून, पिशवी छातीशी धरून. बोटाएवढं खोड, वर नाजूक पिसासारखी पानं. खड्डा त्यांनी खणवून घेतला आणि माती स्वतः लोटली. त्यांच्या चपलांना चिखल लागला. त्यांनी तो वाटेच्या तुकड्याला घासून काढला.

त्यानंतरचं सांगण्यासारखं म्हणजे माणसं. दोडका आणि वाल मांडवावर भराभर चढले. आईच्या जुन्या कसबाने एका हंगामात सावली तयार केली. कुंपणातलं छोटं दार कुलपाविना होतं. पहिल्या दिवशी कोकिळाताई दोडके मागायला आल्या आणि ओट्यावर टेकल्या. दुसऱ्या दिवशी त्या निवडायची मेथीच घेऊन आल्या. मग त्यांच्या नणंद, मग गल्लीतल्या शिक्षिका. बाबांकडे कालव्यावरचे दोन जुने सोबती यायला लागले आणि कोणत्या साली कोणत्या वितरिकेला पाणी उशिरा सुटलं यावर भांडायला लागले. टीव्ही संध्याकाळी बंद राहू लागला. मी नागपूरहून फोन केला की पलीकडून आवाज यायचा, "थांब, बाहेर आहो, ऐकू येत नाही." मला त्याचा राग येत नसे.

कार्तिकात आईने आवळीभोजन ठेवलं. स्वानंद पुण्याहून आला, मी आले, गल्लीतले सगळे आले. किसनरावांनाही बोलावलं होतं. ते नवीन टोपी घालून आले आणि आधी वाटेचे तुकडे हलतात का ते पायाने दाबून पाहिलं. मातीच्या पट्टीत गोवऱ्या पेटवल्या, त्यात रोडगे भाजले. धूर मांडवातून वर गेला. बाबा पुढच्या टाइल्सवर उभे राहून, "राख इकडं येऊ देऊ नका," म्हणत होते, पण हसत.

पानं वाढायची वेळ झाली आणि कोकिळाताईंनी विचारलं, "काकू, जेवाचं त आवळीखाली. पण हे झाड माझ्या कमरेएवढं. याच्याखाली बसाचं कसं?"

सगळ्यांचं लक्ष त्या रोपाकडे गेलं. खरंच, त्याच्या सावलीत एक वाटी मावली असती. आईने हळद-कुंकू वाहिलं, दोरा गुंडाळला आणि मग म्हणाली, "खाली नाही जमत त भोवती बसा."

आम्ही भोवती बसलो. गोल, दाटीवाटीने, कोणाचा गुडघा कोणाला लागतो आहे. मधे ते रोप. स्वानंदने फोटो काढला आणि आई म्हणाली, "याच्यात पाह्य, माणसं आहेत." रोडगे खमंग झाले होते. तूप ओघळत होतं. वाढण्याच्या गडबडीत बाबा सगळ्यात शेवटी राहिले आणि ताट घेऊन आले तेव्हा वर्तुळात जागाच उरली नव्हती. ते इकडेतिकडे पाहू लागले. मग किसनराव सरकले, कोकिळाताई सरकल्या, एकेक करून सगळे थोडे थोडे सरकले आणि बाबा पायजमा सावरत मातीत मांडी घालून बसले.

"वांग्याची भाजी इकडं येऊ द्या," ते म्हणाले.